फब्सी कट

माणसाचा आत्मसन्मान कोणत्याही कापडाहून मोठा असतो. उल्हासनगरच्या एका सिंधी शिंप्याच्या दुकानात तो कापडाहून नेमका दोन बोटं मोठा निघाला.

शिंपी स्वतः बुटका, गुबगुबीत. त्याच बांधणीचा बदलापूरचा एक नवरामुलगा लग्नाचा कोट घालून आरशासमोर उभा होता आणि पोटावरचं बटण लागत नव्हतं.

"भावा, गॅस सिलिंडरला कोट घातलाय!" सोबतचा मित्र म्हणाला.

नवरामुलगा कोट काढायला लागला. "राहू द्या काका. शर्टवरच उभा राहीन."

शिंप्यानं त्याचा हात धरला. "बेटा, ये फब्सी कट है. आपल्यासारख्या ठेंगण्या, गोल माणसाला इंग्लिशमध्ये फब्सी बोलतात. साहेब लोकांचा शब्द आहे."

मी पँट न्यायला येऊन बाकावर बसलो होतो. मी इंग्रजी शिकवतो. हा शब्द मला शब्दकोशाबाहेर प्रथमच भेटला.

शिंप्यानं शिवणीत राखलेलं कापड सोडलं, अर्ध्या तासात कोट पुन्हा चढवला. बटण लागलं. नवरामुलगा आरशात वळून वळून पाहत राहिला.

"फब्सी," तो हळूच म्हणाला आणि ताठ उभा राहिला.

मित्रानं कोटाची बाही चाचपून पाहिली. मग म्हणाला, "काका, मलापण फब्सीच शिवा."

मित्र काटकुळा होता. त्याचे खांदे मोजायला शिंप्याला स्टुलावर चढावं लागलं.