चुकायची मुभा

स्वातंत्र्य मिळून आठ-दहा वर्षं झाली असतील. शाळा तपासायला येणारे साहेब नागपूरचे. सिंदेवाहीहून बैलगाडीनं आमच्या गावी पोचेपर्यंत त्यांचं अंग खिळखिळं व्हायचं, पण जीभ काही थकायची नाही.

गावात शिक्षिका मी एकटीच, त्यामुळे ऐकून घेणं भाग. अशाच एका भेटीत चहा पिता पिता विलायतेतल्या कुठल्याशा यंत्राचं कौतुक सुरू झालं. म्हणे ते आपलं आपण शिकतं. चुकलं की चूक ध्यानात ठेवतं अन् पुढच्या खेपेला सुधारतं. उद्या असे यंत्रमानव आपल्याहून हुशार होतील. सांगताना साहेबांचे डोळे असे भरून आले, जणू यंत्र त्यांच्याच पोटचं. वा रे पठ्ठ्या, म्हटलं मनात.

मग चौथीची परीक्षा. बसलेली एकच मुलगी. पास झाली तर ब्रह्मपुरीच्या वसतिगृहात जाणार, नाहीतर बाप लग्न उरकणार. साहेबांच्या कानावर हे मी आधीच घातलं होतं.

साहेबांनी धानाचं टोपलं पुढं ठेवलं आणि पायलीनं मोजायला सांगितलं. पोरीनं पहिली पायली ओतली आणि म्हणाली, "लाभ." मग दोन, तीन, चार. आमच्या झाडीपट्टीच्या मुलखात खळ्यावर पहिल्या मापाला कोणी एक म्हणत नाही, लाभच म्हणतात. बापाचं पाहून शिकलेली ती. पण साहेबांनी लगेच लाल रेघ ओढली. एक कुठं गेला, म्हणाले. मी पोरीला समजावलं, शाळेत एक म्हणायचं असतं. तिनं तिथल्या तिथं पुन्हा मोजून दाखवलं, एकपासून, बिनचूक. साहेब म्हणाले, पहिलं उत्तर तेच धरायचं.

माझं टाळकंच सरकलं.

"साहेब, तुमच्या यंत्राले चुकून शिकायची मुभा, अन् माह्या पोरीले काऊन नाई?"

साहेब हसले. मेल्याला हसू आलं!

"अहो बाई, यंत्र शिकलं तर जगाच्या कामी येईल. ही शिकून काय करणार?"

पोरगी सांडलेलं धान गोळा करत होती. तिचे हात थांबले. साहेबांनी आणखी एक कप चहा मागितला, तो मी दिला नाही. एवढंच माझ्या हातात होतं.

पोरगी उठली, शाळेतून मिळालेली लिहायची पाटी माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाली, "बाई, जाऊ मी घरी?"

मी थांब म्हणेपर्यंत ती अंगणाबाहेर गेली होती. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं.