मी गावाला गेले नव्हते

“कॅन्सर नाही,” डॉक्टर पारेख म्हणाले. “टीबी आहे. स्वरयंत्राचा.”

मला बरं वाटलं. शेजारी बसलेल्या सबनीस वकिलांनी मात्र खुर्ची मागे घेतली. फार नाही, वीतभर. पण आयुष्यभर बाजारात घासाघीस केलेल्या बाईला समोरचा किती मागे सरकला ते बरोबर कळतं.

हा आजार तुमच्या वाट्याला आला तर औषधांची माहिती डॉक्टर देतील. बाकीची मी देते.

मी मूळची भाजीवाली. घाटकोपरच्या टेकडीवर राहायची. संध्याकाळी बाजार उठताना उरलेली भाजी भाव पाडून घ्यायची आणि माझी मालवणी शेजारीण पार्वती ती एका पातेल्यात शिजवायची. ज्यांच्या घरी चूल पेटली नाही त्यांनी येऊन जेवायचं, एवढाच आमचा कारभार. त्यातून पुढे संस्था उभी राहिली. गिरण्यांचा संप लांबला तेव्हा घाटकोपरपासून बोरिवलीपर्यंत आमची स्वयंपाकघरं चालत होती. बायकांसाठी शिवणवर्ग होते, मसाला कुटायचं काम होतं. विलेपार्ल्याचे सबनीस वकील आमचे सचिव. संस्थेची नोंदणी त्यांनी केली, देणगीदार त्यांनी आणले, हे मी कधी नाकारलेलं नाही. पण व्यापाऱ्याच्या गळ्यात हात घालून, नाहीतर गळा धरून, तांदळाचा भाव उतरवून घ्यायचा तो माझ्या आवाजाने. संस्थेचं भांडवल म्हणाल तर तेच होतं.

तो आवाज दिवाळीपासून बसला होता. ओरडून बसला असेल म्हणून मी ज्येष्ठमध चघळत राहिले. मग गिळताना दुखायला लागलं, ब्लाउज सैल झाले. पारेखांनी लॅरिंगोस्कोपी केली, म्हणजे घशात नळी घालून स्वरयंत्र पाहिलं. तिथे सूज आणि व्रण होते. मग बायोप्सी, म्हणजे त्यातला बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. निकाल येईपर्यंत मी मरणाची तयारी करून बसले होते. म्हणून टीबी ऐकून हलकं वाटलं.

“बोलायचं नाही,” डॉक्टर म्हणाले. “कुजबुजायचंही नाही. त्याने घशाला जास्तच ताण पडतो. दोन महिने तरी.”

“महिना करा,” मी म्हटलं.

“बाई, हा कांद्याचा भाव नाही.”

“आवाज परत येईल ना?”

“बहुतेक येईल. बोलत राहिलात तर मी सांगू शकत नाही.”

त्या क्षणी मी तोंड मिटलं. आणि सबनीसांनी उघडलं.

दवाखान्याच्या जिन्यात ते म्हणाले, “ताई, आपली संस्था लोकांना जेवू घालते. टीबीचं नाव बाहेर गेलं तर देणगीदार राहू द्या, जेवायलासुद्धा कुणी येणार नाही. मुलुंडला माझ्या मेव्हण्याची खोली रिकामी आहे. तिथे राहा. आम्ही सांगतो, ताई गावाला गेल्या.”

संसर्ग होतो म्हणून स्वयंपाकघरापासून लांब राहायचं, हे मला पटत होतं. खोटं का सांगायचं, ते पटत नव्हतं. एरवी मी त्यांना त्या जिन्यातच उभं सोललं असतं. पण ज्या दिवशी मला बोलायची बंदी झाली त्याच दिवशी माझ्याबद्दलचा निर्णय झाला. हे मी आजही विसरलेले नाही.

मुलुंडची खोली स्वच्छ होती. खिडकीतून समोर कारखान्याची भिंत दिसायची. घरमालकीण डबा पायरीवर ठेवायची आणि कडी वाजवून निघून जायची. मी दार उघडेपर्यंत तिची पाठ दिसायची. माझं ताट, माझा पेला, माझी बादली वेगळी. मी कुणाशी बोलायचं नव्हतं, आणि माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. एक पाटी-पेन्सिल घेतली होती. त्यावर लिहिलेलं वाचायला कुणी नसेल तर पाटीसुद्धा मुकीच.

औषधांबद्दल दोन गोष्टी सांगते. रिफाम्पिसिन नावाची लाल कॅप्सूल घेतली की लघवी केशरी होते. मला वाटलं रक्त जातंय. तसं नसतं, घाबरू नका. स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं असतात. त्यांनी माझ्या कानात रातकिडा बसवला. तुमच्या कानात असा आवाज यायला लागला तर डॉक्टरांना लगेच सांगा, त्या औषधाने कान जाऊही शकतात. मी पाटीवर लिहून सांगितलं, त्यांनी मात्रा उतरवली. खरं तर त्या आवाजाचं मला फार वाईट वाटत नव्हतं. खोलीत तेवढीच सोबत होती.

दिवस गेले, कुणी आलं नाही. टेकडीवरचं एकही माणूस नाही, पत्राची ओळ नाही. मी स्वतःला समजावलं की त्यांना खोटं सांगितलंय, ते बिचारे काय करणार. पण पार्वती? मी वर्षानुवर्षं गावाला गेलेली नाही, तिथे माझं कुणी उरलेलं नाही, हे पार्वतीला माझ्याइतकं ठाऊक. तिने सबनीसांच्या बोलण्यावर विश्वास ठेवला? एका पातेल्यापासून बरोबर असलेल्या बाईने? मी पाटीवर तिला शिव्या लिहायची, पुसायची, पुन्हा लिहायची.

इंजेक्शनं मुलुंडच्या टीबी दवाखान्यात मिळायची. बाहेर लांब बाक होता. तिथे लोक एकमेकांकडे पाहत नसत. बायकांचा पदर नाकापर्यंत, पुरुषांच्या हातात उघडा पेपर. दोन माणसांत एका माणसाची जागा मोकळी सोडायची असा न सांगितलेला नियम होता. शेजारी कुणी आलं की मीही सरकायची.

एके दिवशी त्या बाकाच्या दुसऱ्या टोकाला पार्वती दिसली. बरोबर तिची सून, सुलू. पोर वाळून काडी झाली होती. पार्वतीने मला पाहिलं. स्वच्छ पाहिलं. आणि मान फिरवली.

माझ्या डोक्यात जाळ झाला. मी उठले, तिच्यासमोर उभी राहिले आणि पाटीवर जे तोंडाने बोलता येत नव्हतं ते सगळं लिहिलं. पाटी तिच्या नाकासमोर धरली. पार्वतीला अक्षर वाचता येत नाही हे रागात माझ्या ध्यानातच राहिलं नाही. तिने पाटी उलटीसुलटी केली आणि सुनेकडे दिली.

“काय लिवलानी गो?”

सुलूने मनात वाचलं आणि पाटी छातीशी धरली.

“वाच मगे.”

“आई, त्या तुम्हाला शिव्या देतायत.”

“ता माका तिच्या तोंडावर दिसता. खयची ती वाच.”

सुलूने खाली मान घालून वाचल्या. बाकावरचे सगळे पेपर खाली आले. पार्वती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, “झाला? आता बस हय. वकिलान सांगल्यान गावाक गेली, तेव्हाच माका समाजला. आमच्या वस्तीत कोणाक हो आजार झालो की घरचे गावाक गेली म्हणानच सांगतत. मगे इचारूचा नसता. इचारला तर त्यांची अब्रू जाता. माझी सून पण महिनाभर गावाकच आसा.”

“मागच्या खोलीत,” सुलू हळूच म्हणाली.

तेव्हा मला कळलं. पार्ल्याच्या वकिलाने बदनामी टाळायला जी थाप निवडली, ती टेकडीवरचं प्रत्येक घर अशाच वेळी मारत होतं. माझा आजार पहिल्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक होता. माझी लाज राखायची म्हणून कुणी विचारत नव्हतं. घाटकोपरला दवाखाना असून या दोघी मुलुंडला येत होत्या, कारण तिथे ओळखीचं कुणी भेटायला नको. आणि मलाही त्याच कारणासाठी मुलुंडला ठेवलं होतं. सगळी टेकडी एकमेकांपासून लपत होती.

मी बसले तेव्हा पार्वती मधली मोकळी जागा सोडून बसली नाही. माझ्या मांडीला मांडी लावून बसली. वासाने ओळखलं, सकाळीच मसाला भाजून आली होती. मला रडू आलं. रडतानाही आवाज काढायचा नव्हता, ते फार कठीण असतं.

पुढे स्प्युटम, म्हणजे थुंकीची तपासणी, स्वच्छ आली. जंतू दिसत नव्हते. पारेखांनी पुन्हा नळी घातली आणि म्हणाले, “व्रण भरलाय. बोला.”

 मी म्हटलं, “तुमची फी जास्त आहे.” आवाज आला. जाडसर, पुरुषी, मध्येच फाटणारा. पूर्वीचा नव्हता. पारेख हसले. “चालेल,” म्हणाले. “औषध मात्र पूर्ण करायचं. बरं वाटलं म्हणून सोडलं तर पुन्हा उलटतं.”

सबनीस भेटायला आले. खुर्ची अजूनही लांबच होती. “उद्यापासून या. विचारलं कुणी, तर गाव, हवापालट. दुसरा शब्द नको. नाहीतर मला राजीनामा द्यावा लागेल.”

त्यांच्याशी घासाघीस करायची मला इच्छाच झाली नाही. मी म्हटलं, “द्या.”

दुसऱ्या दिवशी मी टेकडीवरच्या स्वयंपाकघरात गेले. पंगत बसली होती. मी उभी राहून त्या फाटक्या आवाजात सांगितलं, “मी गावाला गेले नव्हते. मला टीबी झाला होता. औषधाने बरी होतेय. आता माझ्यापासून कुणाला धोका नाही.”

भातवाढ्या थांबल्या. दोन बायका पान सोडून उठल्या आणि मुलांना घेऊन गेल्या. एका कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, “मग हिकडं कशाला आली?” पार्वती ओरडली, “जेवूचा आसा तर जेव, नायतर पान दुसऱ्याक दी.” मी पान मांडून बसले. माझ्या दोन्ही बाजू मोकळ्याच राहिल्या. सुलू येऊन एका बाजूला बसली. दुसरी शेवटपर्यंत मोकळी होती.

खोटं कशाला सांगू, सबनीसांचा अंदाज काही चुकला नाही. काही देणगीदार गेले. बोरिवलीचं स्वयंपाकघर पावसाळाभर बंद ठेवावं लागलं. व्यापारी माझा नवा आवाज ऐकून भाव चढवून सांगतात. त्यांना वाटतं म्हातारी थकली. सबनीसांनी राजीनामा दिला आणि माझ्याशी बोलणं सोडलं. त्यांच्यावरचा माझा राग गेलेला नाही, जाईल असं वाटतही नाही. मुलुंडच्या खोलीतले ते दिवस मला कुणी परत देणार नाही.

पण पारेखांचे उपकार मी मानते. सुलूचे मानते. पार्वतीचे मानायला गेले तर ती शिवी देईल.

आणि एक काम मी संस्थेच्या कामात नव्याने धरलं आहे. इंजेक्शनाच्या दिवशी मी दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसते. आता मला इंजेक्शन नाही. कुणी तोंड झाकून एकटं आलं की मी सरकत सरकत जाते आणि अगदी लागून बसते. बहुतेक जण आधी दचकून दूर होतात. मी आणखी सरकते. बाक कुठेतरी संपतोच.

तुम्हीही कधी त्या बाकावर याल. मला विचारा, “ही जागा रिकामी आहे का?” मी म्हणेन, नाही, तुमचीच आहे.