नाझियाची नडगी

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, शाळेतल्या मैत्रिणींपाशी तर नाहीच. सुरुवात करते आणि भलतीकडेच जाते. आत्तासुद्धा आधी अकोल्याच्या उन्हावर लिहिलं होतं, ते खोडलं. उन्हाचा काय संबंध?

मी खेळाची शिक्षिका. नाझिया माझ्याकडे आठवीत आली. जुन्या शहरात गाद्या-रजया भरणाऱ्या सलीमभाईंची थोरली. अंगानं किरकोळ, पण धावायला लागली की थांबायचं नाव नाही. लांब पल्ल्याची पोरगी आहे, हे मी लगेच ओळखलं. आणि ओळखलं त्या दिवसापासून ती माझ्या डोक्यात 'माझी' झाली. तिथूनच बिघडलं का?

अकरावीत गेल्यावर सकाळी शिवणीच्या रस्त्यानं, संध्याकाळी पुन्हा मैदानावर, असं मी तिला पळवायची. रविवारची सुट्टी मीच बंद केली. विभागीय स्पर्धा अमरावतीला होती. तिथं निवड झाली की राज्य. शाळेचं नाव व्हावं, असं मी सगळ्यांना सांगायची. शाळेचं? छे — माझं.

ती वाळत चालली होती. डबा अर्धा परत न्यायची. एकदा बाजूला घेऊन हळूच म्हणाली, पाळी येऊन नाही राह्यली. मी काय म्हणाले असेन? "बरंय, ऐन स्पर्धेत कटकट नाही." बाई असून मी हे म्हणाले.

मग नडगी. आधी पहिल्या फेरीत लंगडायची, अंग तापलं की मोकळी व्हायची. पुढे पुढे मोकळी होईना. "मॅडम, हाड आतून ठणकून राह्यलं," म्हणाली. "निजलं तरी ठणकते." मी तिला जठारपेठेत हाडाच्या डॉक्टरांकडे नेलं. निदान नेलं तरी, असं म्हणायचा मोह होतो. पण कशाला नेलं? पळू शकेल, असं कुणीतरी म्हणावं म्हणून. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, तिला बाहेर बसवलं आणि मला म्हणाले — हाडाला बारीक चीर आहे. पळणं आजपासून बंद, नाहीतर मोडेल. घरी सांगा.

मी हो म्हणाले. बाहेर आले. ती बाकावर बसून बूट चढवत होती.

"काय म्हणले?"

"काही नाही, स्नायू दुखावलाय. पट्टी बांधून पळ."

इथपर्यंतचं मी स्वतःशी कैकदा कबूल केलंय. इथं थांबताही येईल. पण मला झोप लागत नाही ती याच्यामुळे नाही.

अमरावतीला ती दुसरी चालली होती. मी मैदानाच्या कडेनं धावत ओरडत होते, "गाठ तिला, गाठ!" आणि शेवटच्या फेरीत ती खाली बसली. पडली नाही हो — पायाखालची जमीन काढून घ्यावी तशी बसली. पाय नडगीत वाकला होता, जिथं पाय वाकत नसतो तिथं. तिनं पायाकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

दुपारी सलीमभाई बसनं आले. कामावरून तसेच उठून आले होते, बाहीला कापूस चिकटलेला. दवाखान्यातले डॉक्टर त्यांना म्हणाले, ही चीर जुनी आहे, मुलीला बरेच दिवस दुखत असणार. सलीमभाई तिच्या खाटेपाशी गेले.

"मॅडम को बताई क्यूं नै तूने?"

नाझिया माझ्याकडे बघत राहिली. वाट बघत होती — मला कळत होतं. एक वाक्य पुरलं असतं. तोवर सलीमभाई माझ्याकडे वळले, त्यांनी हात जोडले. "माफ करा, मॅडम. पोरीनं तुमाले अंधारात ठेवलं."

आणि मी म्हणाले, "पोरं लपवतेत, भाई. रागावू नका तिला."

रागावू नका! म्हणजे मोठेपणाही मीच घेतला.

नाझियानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

पाय सळई घालून जुळला, पळणं संपलं. घरात ती लपवणारी ठरली. साधा ताप आला तरी आई दरडावायची, खरं सांग. धाकटीला खेळात पाठवलंच नाही. आणि सलीमभाई दर हिवाळ्यात माझ्याकडे रजई पाठवत राहिले. मी घेत राहिले — का नाही परत केली? परत केली असती तर कारण द्यावं लागलं असतं.

मागच्या वर्षी ते वारले. मी भेटायला गेले. नाझिया सासरहून आली होती. दोन लेकरांची आई आता, उठताना अजून भिंतीचा आधार घेते. बाकीच्या बाया उठून गेल्यावर ती माझ्याजवळ सरकली.

"मॅडम, जठारपेठेतले डॉक्टर बोलले ते मले बाहेर आयकू आल्तं."

मी पाण्याचा पेला तोंडाला लावला.

"मले वाटलं, तुमी पळ म्हणून राह्यल्या म्हणजे जमत असन. त्याचं जाऊ द्या. पण अब्बाले तुमी तसं काहून सांगतलं?"

आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होती. मला उत्तर माहीत होतं — घाबरले होते, नोकरी जाईल म्हणून, नाव जाईल म्हणून. पेला खाली ठेवला, चपला घातल्या आणि निघाले.

आपली लेक खोटारडी, असं समजूनच सलीमभाई गेले. ती कधी खोटं बोललीच नव्हती. मी बोलले होते.