निळी रेष का चढली

चूक माझी होती. आमच्या बियाणे गोदामाचे झरोके संध्याकाळी उघडे राहतात, असा आरोप मी एका बाईवर चारचौघांत केला आणि तो खोटा निघाला. हे आधीच सांगून टाकतो. पुढचं लिहिताना मी रंगून जाणार आहे, आणि त्या भरात ही गोष्ट मागं पडायला नको.

बेंबळीजवळ आमच्या शेतकऱ्यांच्या कंपनीचं गोदाम आहे आणि मी तिथला व्यवस्थापक. दसऱ्याच्या सुमाराला सोयाबीनचं बियाणं आत येतं आणि पेरणीपर्यंत तिथंच राहतं. सोयाबीन भारी नाजूक. त्यानं हवेतला ओलावा धरला तरी दाणा वरून चांगलाच दिसतो, पण पेरल्यावर उगवत नाही. म्हणून दुपारी हवा कोरडी असताना भिंतीतले झरोके उघडायचे आणि ऊन उतरायच्या आत लावून घ्यायचे. हे काम आणि गोदामाची किल्ली मावशींकडं असायची. बियाणं निवडणाऱ्या बायकांच्या त्या मुकादम, वयानं माझ्याहून मोठ्या.

त्या वर्षी आम्ही दोन डेटा लॉगर आणले. साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी, एका बाजूला बारीक जाळी. आतलं तापमान आणि हवेतली आर्द्रता ती आपली आपण टिपून ठेवते. संगणकाला जोडली की पडद्यावर दोन रेषा उमटतात, तापमानाची लाल आणि आर्द्रतेची निळी. एक डबी दारापाशी खांबाला टांगली, दुसरी आत पोत्यांच्या थप्प्यांच्या मागं उंचावर. पहिल्यांदा रेषा उमटल्या तेव्हा मी खुर्चीतून उठलोच! इतकी वर्षं दारात उभं राहून, वास घेऊन अंदाज बांधत होतो. आता कुलूप लावल्यावर आत काय चालतं तेही दिसत होतं. दुपारी निळी रेष खाली यायची, पहाटेकडं हळूच वर सरकायची. जणू गोदाम झोपेत श्वास घेतंय. येईल त्याला मी हाताला धरून पडद्यापुढं बसवायचो. खताची चौकशी करायला आलेला माणूसही सुटला नाही.

“सायेब, आता ह्या डबीला पाळणा बांधा,” एक हमाल म्हणाला.

खंडेनवमीला आम्ही वजनाचा काटा पुजला, चाळणीचं यंत्र पुजलं. लॉगर कसा राहील? दारापाशीचा लॉगर मी खाली काढला, हळदकुंकू लावलं, फुलानं पाणी शिंपडलं, झेंडूचा भरघोस हार घातला आणि हारासकट परत टांगला. आतल्याला शिडी लागली असती, त्याला लांबूनच नमस्कार केला.

दसरा झाल्यावर रेषा काढल्या. दारापाशीची निळी रेष एकदम चढली होती आणि दुपारीसुद्धा उतरायला तयार नव्हती. आतली नेहमीसारखीच होती. दाराशेजारीच झरोके. मी तडक उठलो.

“मावशी, झरोके उघडे टाकून जाता का?”

“न्हाय की. रोज लावते.”

“मग रेष वर का? यंत्र खोटं बोलत नाही.”

“यंत्र खोटं बोलत न्हाय, मग म्या बोलते व्हय?”

इथं तरी मी थांबायला हवं होतं. मी म्हणालो, “वय झालं की विसरायला होतं माणसाला.”

निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले. मावशींनी पदराची गाठ सोडली आणि किल्ली काट्यावर ठेवली. “घ्या. उद्या बी उगवलं न्हाय तर गाव म्हणंल, हिनंच घालवलं. नगं मला.” आणि त्या गेल्या.

झरोके मग मीच लावू लागलो. वेळेआधीच लावायचो, वरून हातानं दाबून बघायचो. तरी रेष वरच. तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आलं, दोन्ही डब्यांची जागा बदलून बघू. जागा ओली असेल तर दुसरी डबीही चढेल. डबीतच काही असेल तर हीच चढलेली राहील. खांबावरची डबी काढायला हात घातला आणि बोटं गार लागली. हार वरून सुकला होता, पण आतल्या बाजूची फुलं अजून दमट होती. पाकळ्या आणि हळदकुंकवाचा लगदा बरोबर जाळीवर बसला होता. हार सगळ्या यंत्रांवर होते. सुकेपर्यंत ते कुणी काढत नाही, म्हणून कुणी बघतही नाही. यंत्र खरंच बोलत होतं. फक्त ते गोदामाबद्दल नव्हतं, माझ्या हाराबद्दल होतं!

मी हार काढला, जाळी अलगद पुसली आणि दोन्ही लॉगर शेजारी शेजारी टांगले. दुसऱ्या दिवशी पडद्यावर दोन्ही निळ्या रेषा एकीवर एक बसल्या होत्या. मी एकट्यानंच टाळ्या वाजवल्या. बियाणं कोरडं होतं, सगळं वाचलं होतं! तेवढ्यावरही राहवेना. बाजारातून ताजे झेंडू आणले, पाणी मारलं आणि दुसऱ्या डबीला हार घातला. तिचीही रेष चढली. काय आनंद झाला म्हणून सांगू!

पण खरं सांगायचं तर त्या दुसऱ्या हाराची काही गरज नव्हती. मावशींच्या दारात जाणं मी पुढं ढकलत होतो.

शेवटी गेलो. त्या अंगणात शेंगा फोडत होत्या.

“मावशी, झरोक्यांचा दोष नव्हता.”

“ते मला ठावं हाय.”

“माझंच...”

“थांबा. मला बोललात कुठं?”

“गोदामात.”

“मग हितं गुपचूप काय सांगताव?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी संगणक काट्याशेजारी मांडला आणि सगळ्यांना गोळा केलं. मावशी आल्या, पण शटरच्या बाहेरच थांबल्या. मी रेषा दाखवल्या, हार दाखवला. बोलता बोलता आवाज चढत गेला. त्या रेषा दाखवताना मला उत्साह आवरत नाही. एक बाई म्हणाली, “सायेबानं डबीला हार घातला, डबीनं सायबाला!” सगळे हसले. मीही हसलो. मावशी हसल्या नाहीत.

मी पडदा सोडून शटरपाशी गेलो. आवाज आपोआप खाली आला, म्हणून मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो.

“मावशी, तुम्ही झरोके रोज वेळेवर लावत होता. मी खात्री न करता तुम्हाला दोष दिला. तुमचं वय काढलं, तेही ह्या सगळ्यांसमोर. यंत्राचं काही चुकलं नाही, तुमचंही नाही. चुकलो मी. मला माफ करा.”