रिकाम्या काचेवरचे ठिपके

विद्यापीठाच्या तळघरातला लेझरचा मोठा मायक्रोस्कोप कुणा एकाचा नव्हता. मूत्रपिंडवाले, माशांवाले, डोळेवाले, हाडंवाले अशा अकरा प्रयोगशाळांचा तो सामाईक. सामाईक वस्तूचं जे होतं तेच त्याचंही झालं असतं, म्हणजे वापरला सगळ्यांनी असता आणि पुसला कुणीच नसता. पण तिथे भिंगताई होत्या.

बावीस वर्षांपूर्वी त्या काचेची भांडी धुवायला म्हणून तीन महिन्यांच्या बोलीवर आल्या होत्या. त्याच आठवड्यात मायक्रोस्कोप आला, आणि तो जोडणाऱ्या इंजिनिअरला टॉर्च धरायला कुणीतरी हवं होतं. टॉर्च धरता धरता ताईंनी चार दिवसांत त्याला इतके प्रश्न विचारले, की तो बिचारा जेवायच्या सुट्टीत त्यांची नजर चुकवायला लागला. तो गेला आणि पंधरा दिवसांत मायक्रोस्कोप रुसून बसला. प्राध्यापक मंडळी माहितीपुस्तक शोधत राहिली. ताईंनी मागचं झाकण काढलं, सुटलेली तार नीट बसवली, हात पुसले आणि पुन्हा भांड्यांकडे वळल्या. दुसऱ्या दिवसापासून भांडी दुसरं कुणी धुऊ लागलं.

त्यांच्या खोलीचे नियम दारावरच लिहिलेले होते. चपला बाहेर, चहा बाहेर, आणि ‘ताई, जरा दोनच मिनिटं’ हे वाक्यही बाहेर. घरी सासूबाई शेजारणींना सांगत, की आमची सूनबाई आधी दाखवते, मग त्या शास्त्रज्ञांना दिसतं. ताई लाजून विषय बदलत, पण यात फारसं खोटं नव्हतं.

त्या वर्षी मूत्रपिंडवाल्या सरांना ठिपके दिसले. पेशींच्या कडेकडेने हिरवे, चमकदार, अगदी कुणी मोजून टिकल्या लावाव्यात तसे. सरांनी पुस्तकं चाळली, अशी वस्तू कुठेच नोंदलेली नव्हती. मग काय, सरांचे पाय जमिनीवर ठरेनात. एरवी नाकावर माशी बसू न देणारे सर जिन्यात भेटेल त्याला आपणहून हाक मारू लागले. पुढच्या आठवड्यात अख्ख्या विभागापुढे त्यांचं भाषण ठरलं.

ताईंनाही आनंद झाला. तो बरोबर दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी माशांवाल्या मॅडम डोकं धरून बसल्या होत्या. त्यांच्या चित्रात कुठून तरी हिरवा कचरा येत होता आणि काही केल्या जात नव्हता. ताईंनी पडद्याकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढली. सरांचे ठिपके माशाच्या शेपटीत काय करत होते?

मूत्रपिंडवाले माशांवाल्यांची चित्रं बघत नाहीत, माशांवाले मूत्रपिंडवाल्यांची. सगळ्यांची चित्रं बघणारी त्या इमारतीत एकच बाई. मॅडमना त्यांनी एवढंच सांगितलं, की मला एक दिवस द्या. मग त्या कपाटापाशी गेल्या. दोन्ही प्रयोगशाळा नमुना काचेवर बसवायला तिथलाच सामाईक डिंक वापरत. ती बाटली समोर धरली आणि ताईंना सगळं आठवलं. महिन्यापूर्वी डिंकाच्या दोन बाटल्या तळाला आल्या होत्या. दोन वेगळ्या जातींचा डिंक, पण दिसायला सारखाच. घरी साबणाचे उरलेले तुकडे एकमेकांना चिकटवतात त्याच हाताने ताईंनी एका बाटलीतला दुसरीत ओतला होता आणि रिकामी बाटली टाकून दिली होती.

त्यांनी एका कोऱ्या काचेवर त्या डिंकाचा थेंब टाकला. पेशी नाही, मासा नाही, काही नाही. पडद्यावर हिरव्या टिकल्या झळकल्या.

त्या दिवशी घरी त्यांचं कशातच लक्ष लागेना. नवऱ्याने खोदून खोदून विचारल्यावर सगळं बाहेर आलं. तो घड्याळं दुरुस्त करी. त्याचं म्हणणं, बाटली टाकून दे, नवी ठेव, ठिपके आपोआप नाहीसे होतील आणि कुणाला पत्ता लागणार नाही. ताईंना हे पटलंही, निदान झोप लागेपर्यंत. सकाळी मात्र दात घासताना त्यांच्या डोळ्यांपुढे सर उभे राहिले, भरल्या सभागृहात, डिंकाबद्दल तासभर बोलणारे.

त्यांनी सरांना खाली बोलावून घेतलं, खुर्चीत बसवलं आणि काही न सांगता ती काच लावली. सर खूश झाले. किती छान आलेत, कुठला नमुना, असं विचारू लागले.

“नमुना नाहीच सर,” ताई म्हणाल्या. “नुसता डिंक आहे. आणि दोन डिंक एकत्र मी केले, ते फाटून त्याचेच हे ठिपके झाले.”

सरांनी काच काढली, उजेडात उलटसुलट करून पाहिली आणि पुन्हा लावली. ताईंनी मनातल्या मनात पुन्हा भांडी घासायला सुरुवातही केली होती.

“ताई,” सर हळूच म्हणाले, “मी त्यांना बायकोचं नाव दिलं होतं. तिला सांगूनही झालंय.”

ताईंना हसू दाबता येईना. त्यांनी तोंड फिरवून पडद्याची वायर उगाच ठीकठाक केली. पण मागून सरांचाच खुर्र असा आवाज आला, आणि मग दोघंही डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली.

हसून झाल्यावर सर रागावले, तो भाग काही टळला नाही. तीन आठवडे फुकट गेले होते आणि त्यांनी ते स्पष्ट शब्दांत ऐकवलं. ताईंनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मॅडमनाही त्यांनी त्याच दिवशी खरं काय ते सांगितलं, आणि मॅडमनी कचऱ्याचा पत्ता लागला म्हणून त्यांचे आभारच मानले.

भाषण रद्द झालं नाही. सर उभे राहिले आणि सगळ्यांना ती रिकामी काच दाखवली. कसं फसलो ते सांगितलं, आणि कुणी पकडलं तेही. मागच्या रांगेत बसलेल्या ताईंना कुठे बघावं कळेना. पुढे पहिल्या रांगेत सरांच्या पत्नी बसल्या होत्या. त्या नंतर ताईंना गाठून म्हणाल्या, की ठिपके खरे निघाले असते तर आयुष्यभर मूत्रपिंडाबरोबर माझं नाव घेतलं गेलं असतं, तुम्ही मला वाचवलंत.

तेव्हापासून दारावर चौथा नियम आला. आधी डिंकाची कोरी काच, मग नमुना. नवे विद्यार्थी कुरकुरतात, ताई ऐकत नाहीत. सर स्वतः दर सोमवारी पहिले येतात, कोरी काच लावतात, आणि पडद्यावर निव्वळ अंधार दिसला की समाधानाने मान डोलावतात.