डॅरेलच्या फाइलमध्ये न लिहिलेलं

दापोलीहून निघाले तेव्हा अब्बांनी माझी बॅग डिकीत ठेवली, डिकी लावली आणि तिच्यावर हात ठेवून उभेच राहिले. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला. "वेळेवर जेवत जा," एवढंच ते म्हणाले. नसीम, माझी धाकटी बहीण तू, अम्मीच्या मागे उभी होतीस. आज नऊ वर्षं झाली. दुबई मरीनातल्या एका क्लिनिकमध्ये मी फिजिओ आहे, आणि फोनवर तुम्हाला 'मजेत आहे' सांगत आलेय. डॅरेलबद्दल मात्र तुझ्याशी कधी बोलले नाही.

तो अमेरिकन फुटबॉलचा व्यावसायिक खेळाडू होता. आपल्या फुटबॉलशी त्या खेळाचं काही नातं नाही. हेल्मेट घातलेली माणसं एकमेकांवर आदळतात. डॅरेल पहिल्या रांगेत असायचा. काम एकच, समोरच्याला अडवायचं. "बॉलला हात लागायचा तो क्वचितच," तो हसून सांगायचा. अठराव्या वर्षी खेळासाठी गाव सोडलं, तीन शहरांतल्या संघांकडून खेळला, आणि एका सकाळी ऑफिसात बोलावून त्याला संघातून काढलं, लॉकर रिकामा करायला सांगितलं. तेव्हा तो तेहतीसचा होता. पुढे बायको, केली, इथल्या शाळेत शिकवायला आली. तिच्यामागे तोही आला. माझ्याकडे गुडघ्यांसाठी यायचा. एवढा अवाढव्य माणूस, पण टेबल करकरलं की टेबललाच 'सॉरी' म्हणायचा.

"डोक्याला लागायचं तेव्हा?" मी एकदा विचारलं.

"लाइट गेल्यासारखं व्हायचं. मग लाइट परत यायचे. कोचला सांगितलं तर आपल्या जागी दुसरा. कोण सांगणार?"

मग तो एकच गोष्ट दोन-तीनदा विचारू लागला. एकदा व्यायाम संपल्यावर टॉवेलचं कपाट उघडून त्याच्यासमोर उभा राहिला. बाहेर जायचं दार त्याला सापडेना. मी फाइल उघडली तसं त्याने माझं मनगट धरलं.

"रुबीना, हे लिहू नकोस. केलीला कळलं तर नोकरी सोडून मला घेऊन परत जाईल. तिला इथं आवडतं."

मी लिहिलं नाही. ही गुडघ्यांची फाइल आहे, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे त्याचं बोलणं मला फार ओळखीचं वाटलं; मीही फोनवर घरच्यांशी तेच करत होते.

जूनमधल्या एका दुपारी केलीचा फोन आला. "डॅरेल निघाला का तिथून?" तो आलाच नव्हता. चार तासांनी पोलिसांना वाळवंटातून अल ऐनला जाणाऱ्या रस्त्यावर सापडला. गाडी कडेच्या वाळूत, इंजिन चालू, आणि हा उन्हात अनवाणी उभा. टीमची बस येतेय, म्हणत होता. तळपाय फोडांनी भरले होते.

हॉस्पिटलमध्ये केलीने मला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

"किती दिवस?"

"दीड महिना."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्या हातातली त्याच्या कपड्यांची पिशवी घेतली आणि आत गेली. महिन्याभरात दोघं अमेरिकेला परतली. माझ्या मेसेजला तिचं उत्तर नाही. मंगळवारी चारला, त्याच्या वेळेला, आता दुसरा पेशंट येतो. तरी दार उघडलं की माझे हात थांबतात. त्या मनगटावर अजून त्याची बोटं आहेत.

त्या दिवशी हॉस्पिटलमधून खोलीवर आले तेव्हा अम्मीचा फोन आला. "बरी आहेस ना?"

"नाही, अम्मी." आणि मी सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "अब्बा पडले होते गं, रमजानच्या आधी. काठी घेऊन चालतात. व्हिडिओ कॉलला म्हणून तर कायम खुर्चीत असतात. तुला घोर नको म्हणून..."

नसीम, तूही मला हे सांगितलं नव्हतंस. पण मी कुठल्या तोंडाने रागावणार?

अब्बांना म्हटलं, कॅमेऱ्यासमोर चालून दाखवा. डावा पाय ओढत ते ओटीच्या टोकापर्यंत गेले आणि भिंतीला धरून वळले. मी तीन व्यायाम सांगितले. आता रोज सकाळी कामावर निघण्याआधी मी फोन लावते. तू मोबाइल धरतेस, ते पाय उचलतात.

"दुखतंय का, अब्बा?"

"दुखतंय," ते म्हणतात, अगदी मोठ्याने.

घर आता माझ्यापाशी या सकाळच्या फोनाएवढंच आहे. पण खरं आहे.