वजन विचारायचं राहिलं

मोहन शिंत्रे यांच्या शेडमध्ये आलेल्या गिऱ्हाइकाला नमस्काराच्या आधी वजनकाट्यावर चढावं लागे. हेल्मेट, बूट, पाठीवरची बॅग, सगळ्यासकट. शिंत्रे आकडा खडूने भिंतीवर लिहीत आणि मगच म्हणत, "हं, आता बोला. चहा घेणार?"

शेड नेदरलँड्समधल्या बाडहूव्हडॉर्प गावाच्या कडेला होती, समुद्रसपाटीच्याही खाली. तिथे ते डोंगरातल्या बर्फावर चालवायच्या स्नोमोबाइल गाड्या चालवणाऱ्याच्या वजनाप्रमाणे लावून देत. आठवडाभर विमानतळावर सामानाचे पट्टे दुरुस्त करायचे आणि शनिवार-रविवार हे. त्याआधी पुण्यात बिनगिअरच्या स्कूटर दुरुस्त करण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. "क्लच तोच हो. तिथे सिंहगड चढायचा, इथे स्वीडन." उंचावर हवा विरळ, इंजिनाचा जोर कमी, म्हणून क्लचमधली वजनं हलकी लावायची, हे ते डच गिऱ्हाइकांना समजावत. स्वतः त्यांनी बर्फाचा डोंगर कधी पाहिला नव्हता.

मी शेजारी राहणारा, बातमीदारीतून निवृत्त झालेला. ते काम करत तेव्हा टॉर्च धरायचं काम माझ्याकडे असे. "बातमीदार, नीट धरा. बातमी नाहीये ही, नट आहे," ते म्हणत.

काटा आला तो मारिकेमुळे. ती युट्रेख्टची शिक्षिका, दर हिवाळ्यात स्वीडनच्या डोंगरात जाणारी. पुरुषांना शिंत्रे वजन बेधडक विचारत. तिला विचारलं नाही. "बाईमाणसाला कसं विचारायचं?" अंदाजाने सत्तर किलो धरले आणि मागची स्प्रिंग तेवढीच आवळली. तिकडे उतारावर मशीन मागे बसलं, पुढच्या स्की-पट्ट्या बर्फावरून सुटल्या, हँडल फिरवूनही वळेना. मारिके मशीनसकट गडगडली. खांद्याचं हाड मोडलं.

परत आली ती मशीन विकायचं ठरवून. "मलाच जमलं नाही. आता उताराचं नावही नको."

शिंत्र्यांनी पाना खाली ठेवला. "तुझं नाही चुकलं. मी तुझं वजन विचारलं नाही."

"का?"

"लाज वाटली."

ती आधी चिडली. मग हसली, आणि हसताना खांदा दुखला म्हणून पुन्हा चिडली. "मोहन, चौऱ्याऐंशी! हे मी बेकरीवाल्यालासुद्धा सांगेन. विचारायचं होतंस!"

"विकू नकोस. एकदा परत लावून देतो. विचारून."

पुढच्या शनिवारी काटा आला. आधी शिंत्रे स्वतः चढले आणि आकडा भिंतीवर लिहिला. "अडुसष्ट. घ्या, माझीही लाज गेली."

खांदा बरा झाल्यावर, त्याच हिवाळ्याच्या शेवटी, मारिके तेच मशीन घेऊन गेली. तिकडून तिने व्हिडिओ पाठवला. उतार आडवा कापताना ती एक हात सोडून हलवत होती. "अहो, तिचा हात काय बघताय," शिंत्रे मला म्हणाले, "डावी स्की बघा. टेकलीये ना?" आम्ही तो सात वेळा पाहिला.

परतल्यावर मारिकेने त्यांना स्प्रिंग अडुसष्ट किलोवर आणायला लावली. "पुढच्या हिवाळ्यात आधी तू चालवायचं. वर, डोंगरात." त्यांनी लोकरी टोपी विकत घेतली. पानगळीत, विमानतळावर कामावर असतानाच, त्यांचं हृदय थांबलं.

जानेवारीत मारिके शेडमध्ये आली. स्प्रिंग अडुसष्टवरच होती. ती तशीच ठेवील असं मला वाटलं होतं. तिने हेल्मेट घातलं, बूट चढवले, बॅग पाठीवर घेतली आणि काट्यावर उभी राहिली.

"लिही," ती म्हणाली. मी भिंतीवर शिंत्र्यांच्या अडुसष्टखाली तिचा आकडा लिहिला. तिने पाना उचलला. मी टॉर्च धरली, नीट.